आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेट-फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला रग्बीत सुरुवातीला दोन गोष्टी चक्रावून टाकतात. चेंडू पुढे न्यायचा असतो, पण हाताने पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. आणि विश्वविजेत्यांची यादी पाहिली तर तीच ती चार नावं. नियमांची सवय एक-दोन सामन्यांत होते. चार नावांचं कोडं सुटायला मात्र दीडशे वर्षं मागे जावं लागतं. माझं मत आधीच सांगून ठेवतो: रग्बीत चषक कोणी जिंकला यापेक्षा कोण कोणाशी खेळलं याला जास्त वजन आहे. मोजकेच देश पिढ्यानपिढ्या एकमेकांशी भिडत आलेत, आणि जुने हिशेब कोणी विसरत नाही.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना कधी झाला?

२७ मार्च १८७१ रोजी, एडिंबरामधल्या रेबर्न प्लेस मैदानावर, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. दोन्हीकडे २०-२० खेळाडू होते. तेव्हा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला (यालाच 'ट्राय' म्हणतात) तरी त्याचे गुण मिळत नसत; त्यातून फक्त गोलपोस्टवर किक मारायचा हक्क मिळायचा. स्कॉटलंड जिंकलं. पण त्यांच्या एका ट्रायवरून जोरदार वाद झाला आणि तो अनेक वर्षं धुमसत राहिला. त्या दिवशीचे एक पंच होते हेली हचिन्सन आल्मंड, पेशाने शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी पुढे लिहून ठेवलं की पंचाला शंका असेल तेव्हा जो संघ जास्त आरडाओरडा करतो त्याच्या विरुद्ध निर्णय द्यावा, कारण बहुधा त्याचंच चुकलेलं असतं. मुख्याध्यापकाला शोभेल असाच न्याय!

रग्बी शाळेतल्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू उचलून धूम ठोकली, ही गोष्ट खरी का?

बहुतेक नाही. १८२३ साली विल्यम वेब एलिसने असं केलं, ही कथा तो वारल्यानंतर काही वर्षांनी पुढे आली आणि तिला प्रत्यक्षदर्शी पुरावा जवळजवळ नाहीच. तो पुढे धर्मोपदेशक झाला आणि १८७२ साली फ्रान्समध्ये वारला. आपल्या नावाचा विश्वचषक निघेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. कथा मात्र इतकी झकास आहे की ती सोडायला कोणी तयार नाही.

रग्बी युनियन आणि रग्बी लीग वेगळे खेळ आहेत का?

हो, आणि त्यामागचं कारण पैसा. उत्तर इंग्लंडमधले बरेच खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्या, अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती. लंडनमधल्या पदाधिकाऱ्यांना त्यात धंदेवाईकपणा दिसला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली: १३ खेळाडू, वेगळे नियम. लीगचा विश्वचषक १९५४ सालीच फ्रान्समध्ये सुरू झाला, म्हणजे युनियनच्या तेहतीस वर्षं आधी. त्यात ऑस्ट्रेलियाची जवळजवळ मक्तेदारी आहे.

युनियनने 'खेळासाठी पैसे घ्यायचे नाहीत' हा सोवळेपणा तब्बल शंभर वर्षं पाळला, निदान कागदावर तरी. ऑगस्ट १९९५ मध्ये तो अधिकृतपणे सोडला. या पानावर यापुढे 'रग्बी' म्हणजे १५ जणांची युनियन.

सिक्स नेशन्स म्हणजे नेमकं काय?

जगातली सगळ्यात जुनी आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा. १८८३ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चौघांत सुरू झाली. १९१० मध्ये फ्रान्स आला. १९३१ नंतर त्याला बाहेर काढण्यात आलं, कारण तिथले क्लब खेळाडूंना छुपे पैसे देतात असा आरोप होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये फ्रान्स परत खेळू लागला. २००० साली इटली आला आणि सहा झाले.

रचना साधी आहे. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो, प्रत्येकाच्या वाट्याला पाच सामने, एकूण पंधरा. या वर्षी तुमच्या घरी, तर पुढच्या वर्षी त्यांच्या घरी. अंतिम सामना नाही. विजयाला ४ गुण, बरोबरीला २, चार ट्राय केले तर १ बोनस, सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी १ बोनस. हे बोनस २०१७ पासून आले. पाचही सामने जिंकले की 'ग्रँड स्लॅम', आणि त्याचे वेगळे ३ गुण मिळतात, म्हणजे सगळे सामने जिंकूनही बोनसच्या हिशेबात कोणी मागे पडायला नको.

पण तक्त्यावरून या स्पर्धेची कल्पना येत नाही. ब्रिटिश बेटांवरच्या चौघांपैकी एकाने उरलेल्या तिघांना हरवलं की 'ट्रिपल क्राउन'. शेवटी राहणाऱ्याला 'वूडन स्पून', जो प्रत्यक्षात कोणी देत नाही, तरी सगळ्यांना झोंबतो. शिवाय जवळपास प्रत्येक जोडीचा स्वतःचा वेगळा चषक. पाचापैकी चार सामने हरलेला संघ शेवटच्या शनिवारी इंग्लंडला हरवून अख्खा हंगाम सार्थकी लावू शकतो. वेल्स किंवा स्कॉटलंडच्या माणसाला विचारून बघा.

१९७२ आणि १९७३ ही दोन वर्षं सांगायलाच हवीत. उत्तर आयर्लंड हिंसाचाराने पेटलं होतं. १९७२ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्सने डब्लिनला जायला नकार दिला आणि स्पर्धा अपुरी राहिली. पुढच्या वर्षी इंग्लंडची पाळी होती. न जाण्याची सर्वाधिक कारणं त्यांच्याकडेच होती. तरी ते गेले. डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर त्यांचा संघ आला तेव्हा आयरिश प्रेक्षकांनी उभं राहून बराच वेळ टाळ्या वाजवल्या. मग आयर्लंडने त्यांना १८-९ असं हरवलं. रात्रीच्या मेजवानीत इंग्लंडचा कर्णधार जॉन पुलिन म्हणाला, आम्ही फारसे चांगले नसू, पण निदान येतो तरी. त्या वर्षी पाचही संघांनी घरचे दोन-दोन सामने जिंकले आणि जेतेपद पाच जणांत वाटलं गेलं. तेव्हा गुणफरकाचा नियम नव्हता. नव्हता ते बरंच.

आयर्लंड दोन भागांत विभागलेलं आहे, मग रग्बी संघ एकच कसा?

फाळणीच्या आधीपासून रग्बीचा कारभार एकत्र होता आणि तो तसाच राहिला. बेलफास्टचा प्रॉटेस्टंट आणि कॉर्कचा कॅथलिक एकाच हिरव्या जर्सीत खेळतात. राष्ट्रगीताचा पेच १९९५ पासून 'आयर्लंड्स कॉल' या खास गीताने सोडवला. २००७ मध्ये, लॅन्सडाउन रोडचं बांधकाम चालू असताना, इंग्लंडविरुद्धचा सामना क्रोक पार्कवर झाला. याच मैदानावर १९२० साली ब्रिटिशांच्या बाजूच्या सशस्त्र दलाने सामना चालू असताना गोळीबार करून माणसं मारली होती. तिथे इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार म्हणून आठवडाभर सगळ्यांच्या जिवाला घोर होता. प्रत्यक्षात प्रेक्षकांनी ते शांतपणे ऐकलं. नंतर आयर्लंडने इंग्लंडचा ४३-१३ असा फडशा पाडला.

कलकत्ता कपचा खरंच कलकत्त्याशी संबंध आहे?

अगदी थेट. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी एक रग्बी सामना खेळला आणि त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. काही वर्षं बरी गेली. पुढे हवामानामुळे आणि टेनिस-पोलोच्या नादात सभासद गळत गेले. १८७८ मध्ये क्लब बंद करताना बँकेत शिल्लक होती. सभासदांनी ती चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून घेतला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला.

१८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामना या कपासाठी खेळला जातो. १९८८ च्या सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी तो कप एडिंबराच्या रस्त्यावर नेऊन त्याचा चक्क चेंडू केला. कप चेपला. जेफ्रीला स्कॉटलंडने काही महिन्यांसाठी बाहेर बसवलं, रिचर्ड्सला इंग्लंडने जेमतेम आठवडाभर. शिक्षेतला हा फरकसुद्धा स्कॉटिश लोक अजून मोजून ठेवतात.

सिक्स नेशन्समध्ये नवे संघ का येत नाहीत?

कारण बढती-घसरण नाही. सहा संघटनांचं हे बंद घर आहे, आणि दार आतून लावलेलं आहे. इटलीची २०१५ ते २०२२ या काळात या स्पर्धेत सलग ३६ सामन्यांत हार झाली, तरी त्यांची जागा हलली नाही. दरम्यान जॉर्जिया खालच्या युरोपियन स्पर्धेत वर्षानुवर्षं जिंकत होतं. २०२२ मध्ये तर त्यांनी इटलीला बाटुमीत आणि वेल्सला थेट कार्डिफमध्ये हरवलं. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे. निदान तळाच्या संघाने जॉर्जियासारख्या संघाशी एक सामना खेळून आपली जागा राखावी.

पण त्याच इटलीने ती माळ कशी तोडली तेही बघा. मार्च २०२२, कार्डिफ, शेवटची दोन-अडीच मिनिटं, वेल्स २१-१५ ने पुढे. अंगाने किरकोळ, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला आंजे कापुओत्सो उजव्या कडेने सुटला, दोघा-तिघांना चकवलं आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू आत सोडला. पादोवानीने ट्राय केला, गार्बिसीने कन्व्हर्जन (ट्रायनंतर मिळणारी गोलपोस्टवरची किक) मारलं, २२-२१. किक मारून गार्बिसी रडायला लागला. दार बंद ठेवणाऱ्यांना असा एक सामना पुढची दहा वर्षं पुरतो.

दक्षिण गोलार्धात काय चालतं?

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांची 'ट्राय नेशन्स' (इथे 'ट्राय' म्हणजे तीन) १९९६ मध्ये सुरू झाली, म्हणजे खेळ व्यावसायिक झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. २०१२ मध्ये अर्जेंटिना आला आणि नाव 'रग्बी चॅम्पियनशिप' झालं. इथे प्रवासच जीवघेणा: ब्यूनोस आयरिस, जोहान्सबर्ग, पर्थ, ऑकलंड. अर्जेंटिनाला न्यूझीलंडवरच्या पहिल्या विजयासाठी नोव्हेंबर २०२० पर्यंत थांबावं लागलं. तो सिडनीत २५-१५ असा आला. दोन वर्षांनी त्यांनी न्यूझीलंडला त्यांच्याच घरी, क्राइस्टचर्चमध्ये हरवलं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात ब्लेडिस्लो कप असतो. २००३ पासून तो न्यूझीलंडकडेच मुक्कामाला आहे, त्याबद्दल ऑस्ट्रेलियन माणसाशी न बोललेलं बरं.

विश्वचषक १९८७ पर्यंत का नव्हता?

ब्रिटिश संघटनांना भीती होती की विश्वचषक आला की मागोमाग पैसा येईल. भीती अगदी बरोबर होती. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने रेटा लावला आणि १९८५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत ठराव मंजूर झाला. दक्षिण आफ्रिकेनेही बाजूने मत दिलं. वर्णद्वेषी राजवटीमुळे आपल्याला खेळायला मिळणार नाही हे माहीत असताना.

पहिली स्पर्धा आमंत्रणाची होती, १६ संघ. २२ मे १९८७ ला ईडन पार्कवर न्यूझीलंडने इटलीला ७०-६ असं चिरडलं. जॉन कर्वनने जवळजवळ आपल्या गोलरेषेपासून पळत जाऊन, वाटेत अर्ध्या इटलीला ओलांडत ट्राय केला. त्याच्या मागे दिसणाऱ्या स्टँडमध्ये भरपूर खुर्च्या रिकाम्या होत्या. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ ने हरवलं.

१९९५ च्या विश्वचषकाबद्दल इतकं का बोललं जातं?

त्यासाठी आधीची गोष्ट माहीत हवी. दक्षिण आफ्रिकेत रग्बी हा गोऱ्यांचा, त्यातही आफ्रिकानर समाजाचा खेळ होता. स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या संघाची हिरवी जर्सी म्हणजे काळ्या जनतेसाठी जुलमाचं निशाण. बरेच काळे प्रेक्षक मुद्दाम पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडायचे. न्यूझीलंडचा यातला भागही फारसा अभिमानास्पद नाही: दक्षिण आफ्रिकेला खटकतं म्हणून १९२८, १९४९ आणि १९६० च्या दौऱ्यांवर त्यांनी आपलेच माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे) खेळाडू घरी ठेवले. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले तेव्हा देश दुभंगला. हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या सामन्यात एका छोट्या विमानातून खेळाडूंवर पिठाच्या पिशव्या टाकल्या गेल्या.

१९९५ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष होते आणि यजमानपद दक्षिण आफ्रिकेकडे होतं. उपांत्य सामना डर्बनला, फ्रान्सविरुद्ध. पावसाने मैदानाचं तळं झालं. सामना झालाच नसता तर फ्रान्स पुढे गेला असता, कारण आधीच्या हाणामारीच्या सामन्यामुळे दक्षिण आफ्रिकेची शिस्तीची नोंद खराब होती. तेव्हा झाडू घेतलेल्या बायका मैदानात उतरल्या आणि त्यांनी पाणी लोटून काढलं. सामना उशिरा सुरू झाला. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सचा बेनाझी रेषेपासून जेमतेम वीतभर अलीकडे अडवला गेला. १९-१५.

अंतिम सामन्यात समोर न्यूझीलंड आणि जोना लोमू, ज्याने उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले होते. २४ जूनला एलिस पार्कवर मंडेला स्प्रिंगबॉकची जर्सी घालून आले, पाठीवर कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा ६ नंबर. सामन्यात एकही ट्राय झाला नाही. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीने ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच गोलपोस्टवर मारलेली किक) मारला आणि १५-१२ ने सामना संपला. पंधराही गुण त्याचेच.

एका सामन्याने देश बदलला, असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते मला पटत नाही. त्या संघात गोरा नसलेला एकच खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. खरा बदल दिसायला चोवीस वर्षं लागली. २०१९ मध्ये योकोहामाला इंग्लंडला ३२-१२ ने हरवून चषक उचलणारा सिया कोलिसी हा स्प्रिंगबॉकचा पहिला काळा कसोटी कर्णधार होता.

आजवर कोण कोण जिंकलं? तेच चार देश जिंकत असतील तर कंटाळा येत नाही का?

दहा स्पर्धा झाल्या. दक्षिण आफ्रिका चार वेळा (१९९५, २००७, २०१९, २०२३), न्यूझीलंड तीनदा (१९८७, २०११, २०१५), ऑस्ट्रेलिया दोनदा (१९९१, १९९९) आणि इंग्लंड एकदा (२००३). फ्रान्स तीन अंतिम सामने हरला. आयर्लंड आठ वेळा उपउपांत्य फेरीत पोचलं आणि आठही वेळा तिथूनच घरी गेलं.

कंटाळ्याचं म्हणाल तर २०२३ बघा. दक्षिण आफ्रिकेने बाद फेरीतले तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५, न्यूझीलंडला १२-११. अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्ड मिळून बाहेर गेला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं हे पहिलंच लाल कार्ड. त्याचे सहकारी पाऊण तासाहून जास्त वेळ १४ जणांनिशी लढले आणि शेवटी एका गुणाने मागे राहिले. नावं ठरलेली असतात, निकाल नसतो.

तरी त्या स्पर्धेत एक घोळ होताच. गटांची सोडत तीन वर्षं आधी, डिसेंबर २०२० मध्ये काढली होती. स्पर्धा येईपर्यंत क्रमवारी पार बदलली आणि जगातले अव्वल चार संघ सोडतीच्या एकाच बाजूला अडकले. उपउपांत्य फेरीतच त्यांतले दोघे घरी गेले.

गुण कसे मोजतात? पहिल्यांदा बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

ट्राय ५ गुण (१९९२ पासून, त्याआधी ४). त्यानंतरचं कन्व्हर्जन २. पेनल्टी (समोरच्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी किक) ३, ड्रॉप गोल ३. वेळ ८० मिनिटं. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर.

लक्ष ठेवायच्या जागा दोन. पहिली स्क्रम. आठ विरुद्ध आठ जण खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. बाहेरून नुसता ढीग दिसतो. पुढच्या फळीतला प्रॉप ज्या बाजूने दबतोय, तिथून पुढची पाच मिनिटं कशी जाणार ते कळतं. एकदा स्क्रम मागे सरकायला लागली की पेनल्टी मिळतात, आणि पेनल्टीतून गुण.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ८० मिनिटं झाली म्हणून खेळ थांबत नाही. चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत किंवा हातून पुढे सांडण्यासारख्या चुकीने खेळ तुटेपर्यंत चालूच राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या पावसात आयर्लंड १२-१३ ने मागे होतं. त्यांनी चेंडू हातचा जाऊ दिला नाही. टॅकल (चेंडू घेतलेल्याला पकडून पाडणं), उठा, पुन्हा पास, पुन्हा टॅकल, असे ४१ टप्पे. प्रत्येक टप्प्यात एक चूक म्हणजे सामना खलास. मग ८० मिनिटं उलटून गेल्यावर जॉनी सेक्स्टनने चाळीसेक मीटरवरून ड्रॉप गोल मारला, १५-१३. त्या वर्षी आयर्लंडने ग्रँड स्लॅम केली.

आणखी एक: रेफरीचा माइक प्रक्षेपणात ऐकू येतो. सव्वाशे किलोचा गडी 'येस सर' म्हणून मुकाट्याने मागे फिरतो, ते ऐकायला मजा येते.

सामन्याआधीचा तो हाका नाच कशासाठी?

हाका ही माओरी परंपरा. न्यूझीलंडचा संघ करतो ती 'का माते' १८२० च्या सुमारास 'ते राउपराहा' नावाच्या माओरी सरदाराने रचली. २००५ पासून 'कापा ओ पांगो' ही दुसरीही कधीकधी होते. सामोआ, टोंगा, फिजी यांचे स्वतःचे रणनाच आहेत.

समोरच्याने काय करायचं, हा वेगळाच खेळ. २००८ मध्ये कार्डिफला वेल्सचे खेळाडू हाका संपल्यावरही जागचे हलले नाहीत. दोन्ही संघ एकमेकांकडे टक लावून उभे राहिले, रेफरी विनवण्या करतोय आणि अख्खं स्टेडियम गरजतंय. २०११ च्या अंतिम सामन्यात फ्रान्स बाणाच्या आकारात चालून गेला आणि २०१९ मध्ये इंग्लंडने तोच आकार उलटा धरून हाका कवेत घेतली. दोघांनाही दंड झाला. दंड लावणाऱ्यांना रग्बी कितपत कळते, अशी मला शंका आहे.

महिलांच्या स्पर्धा?

पहिला महिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला, तोही अधिकृत संघटनेच्या पाठिंब्याविना. सोव्हिएत संघाकडे परकीय चलन नव्हतं. व्होडका आणि बाहुल्या विकून त्यांनी खर्च भागवायचा प्रयत्न केला. अमेरिका जिंकली. नंतर न्यूझीलंडने सहा आणि इंग्लंडने तीन चषक मिळवले.

यातला सर्वोत्तम सामना माझ्या लेखी नोव्हेंबर २०२२ चा अंतिम सामना. इंग्लंड सलग ३० सामने जिंकून ईडन पार्कवर आलं होतं. लवकरच त्यांना लाल कार्ड मिळालं, तरी शेवटच्या मिनिटाला ३४-३१ ने मागे असताना त्यांच्याकडे गोलरेषेजवळ लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकणं) होता. न्यूझीलंडने तो उडी मारून चोरला. इंग्लंडने २०२५ मध्ये वचपा काढला: ट्विकेनहॅमला ८१,८८५ प्रेक्षकांसमोर कॅनडावर ३३-१३.

ऑलिम्पिकमध्ये रग्बी आहे ना?

आहे, पण सात जणांची, सात-सात मिनिटांच्या दोन डावांची. सेव्हन्सचा जन्म १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावी झाला. क्लबला पैसे हवे होते म्हणून नेड हेग नावाच्या खाटकाने ही कल्पना काढली. पंधरा जणांची रग्बी १९२४ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती आणि तिचा शेवटचा विजेता, विश्वास बसणार नाही, अमेरिका.

२०१६ मध्ये रिओला सेव्हन्स आली आणि फिजीने ब्रिटनला ४३-७ ने धुतलं. ते फिजीचं ऑलिम्पिकमधलं पहिलंवहिलं पदक, आणि थेट सुवर्ण. सरकारने त्या संघाच्या चित्राची सात डॉलरची नोट काढली! टोकियोतही फिजीच. पॅरिसला २०२४ मध्ये फ्रान्सने त्यांना रोखलं. पंधरा जणांच्या रग्बीतला जगातला सर्वोत्तम स्क्रम-हाफ (स्क्रममागून चेंडू काढून पास देणारा खेळाडू) आँत्वान द्युपाँ खास त्यासाठी सेव्हन्स शिकून आला होता.

ब्रिटिश आणि आयरिश लायन्स हा कुठला देश?

कुठलाच नाही. एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या चार संघांतले निवडक खेळाडू चार वर्षांतून एकदा लाल जर्सी घालून न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेला जातात. पहिला दौरा १८८८ चा. न्यूझीलंडमध्ये त्यांनी एकच मालिका जिंकली आहे, १९७१ मध्ये.

हा खेळ धोकादायक नाही का?

आहे. डोक्याला वारंवार बसणारे मार हा रग्बीपुढचा आजचा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. २००३ चा विश्वविजेता इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो चषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने स्वतः सांगितलं. अनेक माजी खेळाडू संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. आता डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात आणि उंच टॅकलला कार्ड मिळतं. जुने प्रेक्षक कार्डांवरून कुरकुरतात. त्यांनी थॉम्पसनच्या मुलाखती ऐकाव्यात.

एकच जुना सामना बघायचा असेल तर कोणता?

जपान विरुद्ध दक्षिण आफ्रिका, ब्रायटन, १९ सप्टेंबर २०१५. त्याआधी जपानने विश्वचषकात केवळ एक सामना जिंकला होता, तोही १९९१ मध्ये. शेवटी जपान २९-३२ ने मागे आणि त्यांना पेनल्टी मिळते. किक मारली की तीन गुण, बरोबरी, आणि तेवढीही इतिहासात जमा झाली असती. प्रशिक्षक एडी जोन्सला तेच हवं होतं. कर्णधार मायकल लीच ऐकत नाही, स्क्रम मागतो. तीही कोणासमोर, तर स्क्रमसाठी जगाला धाक असलेल्या संघासमोर. चेंडू आधी उजवीकडे, मग झपाट्याने डावीकडे, आणि कोपऱ्यात कार्न हेस्केथ. ३४-३२.

पूर्ण ऐंशी मिनिटं बघा. नुसती शेवटची दोन पाहिली तर जपानने हा सामना पहिल्या तासात, गुडघ्याच्या खाली एकामागून एक टॅकल करून जिंकला होता हे कळणार नाही.

पुढचा विश्वचषक कधी, कुठे?

ऑस्ट्रेलियात, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७. प्रथमच २४ संघ, चार-चारचे सहा गट, आणि बाद फेरी सोळा संघांपासून. २०३१ चा अमेरिकेत. त्याआधीच, २०२६ पासून, सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिणेतले चार, जपान आणि फिजी अशा बारा संघांची 'नेशन्स चॅम्पियनशिप' ठरलेली आहे. जॉर्जियाला तिथेही जागा नाही.